चढता काटा

२ नोव्हेंबर, रविवार

मागच्या रविवारी मी इथे लिहिलं, ‘दादा खोटं बोलतो. काटा रिकाम्यावरच असणार.’ ते चूक आहे. खोडत नाही. खोडलं तर मी तसं लिहिलंच नव्हतं असं दिसेल. पण चूक आहे.

मी बोटीतला डिझेलचा काटा पाहिला नव्हता. गाव बोलत होतं ते उतरवलं.

आज जे पाहिलं तेवढंच लिहिते. दुपारी नदीवर गेले. बोट अजून तशीच, बाभळीला बांधलेली, अर्धी गाळात. आबा गेले त्या दिवसापासून, १४ ऑक्टोबरपासून, तिला कुणी हात लावलेला नाही. आत बसले. किल्ली फिरवली. बॅटरीत जीव होता. डिझेलच्या मीटरचा काटा उठला आणि भरलेल्या खुणेच्याही पुढे जाऊन टेकला. मग टाकीचं झाकण काढलं, मोबाइलचा उजेड आत टाकला. टाकी कोरडी. तळाला नुसता ओशटपणा.

टाकी कोरडी, आणि काटा भरलेल्याच्या पुढे!

म्हणजे वर ‘पाहिला नव्हता’ लिहिलं तेही बराबर नाही. त्या दिवशी बोट ओढून काठाला आणली तेव्हा किल्ली मीच बंद केली होती. तेव्हाही काटा तिथेच होता. डोळ्यांनी पाहिलं होतं. कुणीतरी म्हणालं, ‘पाणी शिरलं, बिघडलाय,’ आणि मी ते मानून टाकलं. नंतर विसरले.

त्या दिवसाचंही एकदा नीट लिहून ठेवते. सकाळच्या खेपा दादाने केल्या. मग बोट आबांच्या हाती. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं. सात बाया पलीकडे कापूस वेचायला निघालेल्या. मधोमध इंजिन बंद पडलं. डिझेल संपलेलं. बोट बंधाऱ्याच्या दारांकडे वाहायला लागली. आबांनी दोराचं टोक दातात धरलं, उतरले, बुडालेल्या बाभळीला दोर गुंडाळला. बोट थांबली. बाया सगळ्या वाचल्या. आबा नाही.

गाव म्हणतं, पोरानं तेल न भरता बापाच्या हाती बोट दिली. दादा एकच वाक्य म्हणतो, ‘काटा भरल्याच्या जवळ होता.’ सुरुवातीला ओरडून म्हणायचा. आता हळू म्हणतो.

तो खरं बोलत होता. मला काही वाटलं पाहिजे होतं. वाटलं नाही. हात धुतले, डिझेलचा वास गेला नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

कॉलेजला गेले. तिन्ही तास बसले. काय शिकवलं ते लिहून घेतलं आहे, वाचलं तर आठवेल.

५ नोव्हेंबर, बुधवार

केशरबाई आली. वेचणीच्या बायांची टोळी तिचीच. त्या दिवशी ती स्वतः बोटीत होती. ओसरीवर टेकली. आधी मायचा हात धरून नुसती बसली. मग म्हणाली,

‘झुंबरबाई, मला बोलायची लाज वाटून राह्यली. पण पलीकडं कापूस बोंडातून लोंबून राह्यला. शहागडच्या पुलावरून जायचं तर अर्धा दिस गाडीतच जातो. बोट कधी काढता?’

आतून दादा म्हणाला, ‘काढतो. टाकीतलं तेल मोजायचं युनिट खराब हाय. ते बदललं की काढतो.’

‘ह्या बारीला तेल भरून काढ, राजा!’

बोलून गेली आणि लगेच तोंडावर पदर घेतला. ‘जळली मेली जीभ! चेष्टेत गेलं तोंडातून. बिभीषण, अरे...’ दादा मागच्या दाराने निघून गेला होता.

केशरबाई गेल्यावर माय म्हणते, ‘निळा कॅन कुठाय गं? दोन होते. पांढरा हाय.’

‘मला नाही माहीत.’

‘त्या दिशी सकाळी घेऊन गेल्ते ते. व्हावून गेला आसंल.’

आठवड्यातून तीन-चार वेळा विचारते. कॅन लागत कशालाच नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दादा म्हणाला, ‘युनिट तूच आन जालन्याहून. मागं मी आनलं ते अशुभ निघालं. तू शिकलेली हायस.’

आमच्या घरात ‘तू शिकलेली हायस’ हे वाक्य सगळ्या कामांना लावतात. गॅसची तक्रार, सातबारा, गोळ्यांची चिठ्ठी. पहिली पोरगी दहावीच्या पुढे गेली की तिला सगळं येतं असं धरतात. मला युनिट निवडता येत नाही. बीएस्सीला आहे, बोटीच्या टाकीचा धडा नाही!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दादाने आणलेलं युनिट बोटीतून खोललं, पेपरात गुंडाळलं, जालन्याला गेले. बसमध्ये वास सुटला. कंडक्टर म्हणाला, ‘ताई, रॉकेल नेऊन राह्यल्या का काय? काडी नका वढू कुनी!’ सगळे हसले. मीही हसले असेन. चेहरा हलल्यासारखा वाटला.

दुकान मस्तगडला, बोळात. ट्रॅक्टर आणि ट्रकचे पार्ट. मालक राधेश्याम म्हणून आहेत. दादाने युनिट इथूनच नेलं होतं. पेपर उघडून त्यांनी युनिट हातात फिरवलं, वरची चकती पाहिली.

‘हेच देतो. पाच बोल्ट, गोल चकती. हात घातला की बसतं.’

‘मागे हेच नेलं होतं. टाकी कोरडी असली की काटा भरलेली सांगतो.’

‘उलटं सांगतो? काटा हाय ताई तो, नवरा न्हाई!’

स्वतःच मोठ्याने हसले. माझ्याकडे पाहिलं आणि थांबले.

‘कुठली गाडी?’

‘गाडी नाही. बोट.’

‘गोदावरीतली? ती... मागच्या म्हयन्यातली?’

मी मान हलवली. ते स्टुलावर बसले. चहा मागवला. मला नको होता, पण समोर आला म्हणून प्यायले. मग म्हणाले, ‘दोन-तीन जातीचे येतात हे. बोल्ट सेम, आतलं येगळं. मला बी एवढंच म्हाईत. मी तुझ्या भावाला विचारलं होतं बेटा, मीटर कोन्त्या कंपनीचा. त्यो म्हन्ला पाच बोल्टाचा द्या, जल्दी हाय. समदे तसंच नेतात. मीटरचा नंबर कुनीच आनत न्हाई.’

माझ्याकडेही नंबर नव्हता. त्यांनी आतून तसंच एक नवं आणि दुसऱ्या जातीचं एक काढलं. दोन्ही पिशवीत टाकली. ‘घेऊन जा. मीटरच्या मागं पाहा काय लिव्हलंय. जे बसंल ते ठेव, दुसरं आनून दे. घाई नको करू.’

शेवटचे तीन शब्द त्यांनी दोनदा म्हटले.

८ नोव्हेंबर, शनिवार

कॉलेजच्या लॅबमधून मल्टीमीटर मागून आणला. सरांनी कशाला म्हणून विचारलं नाही. हल्ली मला कुणी काही विचारत नाही.

काय सापडलं ते सावकाश लिहिते. नंतर वाचताना मी स्वतःलाच फसवायला नको.

युनिट म्हणजे एक दांडी. तिच्या टोकाला तरंगणारा फ्लोट. तेल वर, तर फ्लोट वर. तेल खाली, तर फ्लोट खाली. दांडी हलली की आतला विजेचा रोध बदलतो, आणि तो रोध ओळखून मीटर काटा फिरवतो. मीटर टाकीत डोकावत नाही. त्याला जो आकडा येतो तो त्याला खरा.

बोटीतला मीटर बोटीबरोबरच आलेला, समुद्राकडचा. तो खोलून मागे पाहिलं. बारीक अक्षरांत आहे: २४० ते ३३. टाकी रिकामी असेल तर २४० ओहम यायला हवेत, भरलेली असेल तर ३३.

मग दादाने आणलेलं युनिट. फ्लोट पूर्ण खाली धरला. १०. पूर्ण वर उचलला. १८०.

पुन्हा मोजलं. वायरी अदलाबदल करून मोजलं. तेच.

एकाच्या भाषेत मोठा आकडा म्हणजे रिकामी. दुसऱ्याच्या भाषेत मोठा आकडा म्हणजे भरलेली. तेल कमी होत गेलं की काटा चढणार. कोरडी झाली की भरलेल्याच्या पुढे जाणार. बिघडलं काहीच नव्हतं. दोन्ही वस्तू चांगल्या, आपापलं काम चोख करत होत्या.

आणि अर्ध्यावर? फ्लोट मधोमध धरला. ९५. मीटरला अर्ध्या टाकीसाठी शंभरच्या आसपास लागतात. म्हणजे अर्ध्यावर दोघांचं जुळतं. फक्त अर्ध्यावर!

युनिट बसवलं ती संध्याकाळ मला आठवते. शनिवार होता, ११ ऑक्टोबर. टाकी पूर्ण मोकळी केलेली. चाळीस लिटरची टाकी, आणि आमच्याकडे तेल कधी कॅनशिवाय येत नाही. पंपावरून वीस लिटरचा एक कॅन भरून आणायचा आणि ओतायचा. दादाने ओतला. किल्ली फिरवली. काटा बरोबर मधोमध. आबा वाकून पाहत होते. कुणाकडे न बघता म्हणाले, ‘बराबर!’

मीही तिथेच उभी होते. मलाही बराबर वाटलं.

बोटीचं मूळचं युनिट तुटल्यापासून आबा टाकीत काठी घालून तेल पाहायचे. त्याच संध्याकाळी ती काठी त्यांनी दारातल्या घोसाळ्याच्या वेलाला रोवली. ‘आता हिचं काम संपलं.’

९ नोव्हेंबर, रविवार

युनिट बसवलं त्या शनिवारनंतर टाकीत कुणीच थेंब टाकला नव्हता. काटा मात्र चढत होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दादाला सांगायचं म्हणून आज बसले. त्याच्याआधी तोच बोलला. किती दिवसांनी!

आबा आणि तो दसऱ्यापासून बोलत नव्हते. दादा म्हणाला होता, ‘बोट विका, मी चाकणला कंपनीत जातो.’ आबा त्यावर काही बोललेच नाहीत. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. बोटीची किल्ली एकमेकांच्या हातात द्यायचे नाहीत. नदीकाठी आमचं खोपटं आहे, त्याच्या दाराला खिळा आहे, त्याला अडकवायची. एकाने अडकवायची, दुसऱ्याने काढायची. तेवढंच काय ते बोलणं.

आज दादा भाकरी मोडत म्हणाला, ‘प्रिया, तुला एक सांगू का? कुनाला बोललो न्हाई. युनिट बसवल्यावर रविवारी दिसभर बोट चालली. सोमवारी सकाळी पाह्यलं तर काटा वर. पाऊन टाकी. मी तर तेल भरलं नव्हतं. मंग कुनी भरलं? आबांनी. मंगळवारी पाह्यलं, आनखी वर. बोलत नव्हते मह्याशी, पर मह्या आधी उठून तेल भरून जात होते.’

मी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

‘लोक काही बी म्हनू दे. मी काय समजायचं ते समजलो. मी त्याच दिशी संध्याकाळी बोलनार होतो त्यांच्याशी. म्हननार होतो, न्हाई जात चाकणला.’

त्याने अख्खी भाकरी खाल्ली. चौदा ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

मी सांगितलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दोन युनिटं खाटेखाली आहेत. त्यातलं एक जुन्यासारखंच, मोजून पाहिलं. दुसरं मीटरला जुळतं: खाली २४०, वर ३३. तेच बसवायला पाहिजे, यात शंका नाही.

पण जुळणारं बसवलं की काटा खाली येणार, जसा यायला हवा तसा. दादा पहिल्या दिवशीच पाहील. तेल जळतंय आणि काटा उतरतोय. मग मागे का चढत होता? दादाची शाळा सुटली, डोकं सुटलेलं नाही. एक खेप पुरेल त्याला. नदीच्या मधोमध त्याला कळेल की आबांनी काही भरलं नव्हतं. आणि चुकीचं युनिट त्याने स्वतः आणलं होतं, बोल्ट मोजून. तेव्हा बोटीत बाया असतील.

त्याच्यावरचा एक आरोप खोटा ठरतो. त्याच क्षणी त्याच्याकडे जे एक आहे ते जातं.

मल्टीमीटर परत केला. सर म्हणाले, ‘झालं काम?’ मी हो म्हटलं. झालं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मायला सांगितलं. भांडी घासत होती. सगळं ऐकलं. राखेचा हात तसाच.

‘म्हंजी ह्यानं बी भरलं न्हाई, त्यांनी बी भरलं न्हाई.’

‘हो.’

‘अन् दोघं बी समजले दुसऱ्यानं भरलं.’

‘आबांचं मला माहीत नाही. दादाचं माहीत आहे.’

‘मंग कशाला सांगती? मीटर काढून टाक. काठी हाय ना येलाची? काठी घाला टाकीत अन् चालवा. आधी काय मीटर होते का नावाडी लोकांकडं? तेवढंच हाय त्या लेकराकडं, तेवढं ऱ्हाऊ दे.’

‘पण ते खरं नाही, माय.’

‘खरं घेऊन काय करतीस? शिजवतीस?’

मग पुन्हा घासायला लागली. थोड्या वेळाने, ‘निळा कॅन चांगला होता. जाड होता.’

१५ नोव्हेंबर, शनिवार

काठी उपटून पाहिली. खालचं टोक अजून डिझेलचा वास मारतं. वेल वेढला होता. परत रोवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

मायचं म्हणणं दिवसभर डोक्यात ठेवून पाहिलं. काठीने काम चालतं. कुणी बुडणार नाही. खोटं बोलायचंही नाही, फक्त मीटर काढायचा. मला एवढं का जड जातं मग? मी स्वतःला चांगली ठरवायला तर सांगायला निघाले नाही ना? हेही तपासलं. नक्की काही म्हणता येत नाही.

संध्याकाळी हातपंपावर केशरबाई भेटली. ओसरीवरचं बोलणं तिला खात होतं. आपणहून म्हणाली, ‘मी तसं बोलाया नको होतं. तुहा बाप तर त्या दिशी लई खुशीत होता, पोरी.’

‘खुशीत?’

‘तर! खोपट्याला कुलूप लावून आले. किल्ली कमरंला खोवली. बोटीची चावी फिरवली अन् काट्याकडं पाहून हासले. म्या म्हन्लं, काय आबा, काटा का बायको हाय गोड हासायला? तर म्हनतात, केशरबाई, न बोलो मह्याशी. पोरगं तेल भरून जातंय!’

घागर भरून वाहत होती. मी पाहत होते, उचलली नाही.

‘काय झालं गं?’

‘काही नाही.’

म्हणजे आबांचं पण आता माहीत झालं. दोघांनीही काट्यात एकमेकांना पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. दहा ओहम होते.

हे वाक्य लिहिलं आणि वाचलं. रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दादाने ठरवून टाकलं. सोमवारी सकाळी पहिली खेप. केशरबाईला निरोपही दिला. उद्यापासून रविवार रात्रीपर्यंत तो कापसाच्या टेम्पोवर आहे, ड्रायव्हर आजारी आहे म्हणून. ‘तवर युनिट बसवून ठेव.’

मग खाटेखाली वाकला, पिशवी ओढली. दोन्ही युनिटं काढून बघू लागला. जुन्यासारखं होतं ते लगेच ओळखलं. ‘हेच होतं की. हेच बसव. ते खराब व्हतं म्हनून काय झालं, हे नवं हाय.’

मी त्याच्या हातातून काढून घेतलं. जरा जोरात घेतलं.

‘कामून?’

‘हे जुळत नाही. मी मोजलंय.’

‘बोल्ट तर जुळतात.’

‘बोल्ट जुळतात. बाकीचं नाही.’

माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता विचारेल. विचारलं असतं तर सांगितलं असतं, आज खरंच सांगितलं असतं. पण तो म्हणाला, ‘बरं. तू शिकलेली हायस.’

आणि झोपायला गेला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

युनिट मी बसवलं. मीटरला जुळतं ते.

टाकीची खोली मोजली. नव्या युनिटची दांडी खालीवर सरकवता येते, स्क्रू आहे. फ्लोट तळाला घासायला नको आणि वर पत्र्याला अडकायला नको, अशी बेतून आवळली. चकतीखाली रबराचं वॉशर. पाच बोल्ट. हो, जुळले! हे बोल्ट कुठल्याही युनिटला जुळतात.

आधी कोरडी टाकी. किल्ली फिरवली. काटा रिकाम्यावर पडून राहिला, हललाच नाही. मग पांढऱ्या कॅनमधून पाच लिटर. थोडा उठला. दहा. पाव टाकी. वीसवर मधोमध. इथे थांबायचं नाही, असं मोठ्याने म्हणाले. नदीवर कुणी नव्हतं. गावातून आणखी दहा लिटर आणले, ओतले. पाऊण. सगळं काढून पुन्हा कॅनमध्ये आणि बादलीत घेतलं, टाकी पुन्हा रिकामी केली. काटा एकेक पायरी उतरत खाली आला.

एवढं केलं तरी शेवटी काठीही घालून पाहिली.

आता हा काटा खरं बोलतो. मी बोलत नाही. दादाने विचारलं नाही, मी सांगितलं नाही, हे हिशोबात बसतं का? बसत नाही. सोमवारी बोट त्याच्या हातात गेली की काटा माझ्या आधी सांगेल, नदीच्या मधोमध. ते मला चालणार नाही. पण घरात, भाकरी मोडताना, त्याच्या तोंडावर तरी कसं सांगायचं की आबांनी तुझ्यासाठी काही केलं नव्हतं?

एक गोष्ट मात्र नक्की केली. सोमवारी प्रत्येक बाईच्या अंगात जॅकेट. सरकारने दिलेली लाइफ जॅकेटं खोपट्यात बंद आहेत. बाया ती उशाला घ्यायच्या. किल्ली आबांच्या कमरेला सापडली होती, मायने देवापुढे ठेवली आहे. तेव्हापासून खोपटं कुणी उघडलेलं नाही. मागितली तर माय म्हणाली, ‘सकाळी देते.’

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मायने किल्ली दिली. जॅकेटं काढायला खोपटं उघडलं. जॅकेटांच्या मागे निळा कॅन.

व्हावून गेला नव्हता. उचलायला गेले, उचलेना. भरलेला. गळ्यापर्यंत डिझेल. झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी दाबलेली, सांडू नये म्हणून; ती आबांचीच पद्धत. मुठीला त्यांची दस्ती, नेहमीचा हातरुमाल, गुंडाळलेली.

ते त्या सकाळी तेल आणायला गेले होते. आणलं होतं! बोटीपाशी आले, किल्ली फिरवली, काटा वर दिसला. पोरगं भरून गेलं म्हणून कॅन आत ठेवला, कुलूप लावलं, हसत आले.

आता रडू आलं. कॅनला टेकूनच बसले.

दादा रविवारी रात्री येतो. सोमवारी, २४ नोव्हेंबरला, बाया यायच्या आधी त्याला खोपट्यात नेणार. दस्ती तशीच ठेवून कॅन त्याच्या हातात देणार, मग उलट्या युनिटचं सगळं सांगणार, एक शब्द न गाळता. आणि आबांचं तेल त्यानेच टाकीत ओतायचं.